थांबण्याची ताकद आणि घराचा भाव

घर विकण्याचा प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येतो, आणि तोही सहसा सुखाने येत नाही. निवृत्ती, आजारपण, मुलांचे शिक्षण, भावाभावांतील वाटणी, गावी परतण्याचा निर्णय अशा एखाद्या कारणाने तीस-पस्तीस वर्षे राहिलेल्या दोन खोल्या विक्रीस निघतात. गिऱ्हाईक मिळते, भाव ठरतो, चहा होतो, इसार हातावर पडतो. पुढे दोन-तीन महिने बँक, वकील आणि गृहनिर्माण संस्था यांच्या दारी फेऱ्या चालतात. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाण्याचा दिवस चार दिवसांवर आला असता खरेदीदाराचा निरोप येतो : ठरल्या भावात जमणार नाही, चार लाख कमी करा, नाहीतर व्यवहार राहू द्या.

हा निरोप ज्याला येतो तो मनुष्य प्रथम संतापतो, मग दैवाला बोल लावतो आणि शेवटी बहुधा मान तुकवतो. शेजारीपाजारी एकाला लबाड आणि दुसऱ्याला भोळा ठरवतात व विषय तिथेच संपतो. परंतु जो प्रकार इतक्या ठिकाणी आणि इतक्या नियमितपणे घडतो, त्याचा उलगडा माणसांच्या स्वभावात शोधणे हा वैचारिक आळस होय. त्याचे मूळ व्यवहाराच्या रचनेत आहे, आणि ती रचना समजून घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही.

आकड्यांची साक्ष

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, उपनगरातील एका निवृत्त कामगाराने आपले घर ४८ लाखांना देऊ केले. इसार घेतला ५० हजारांचा. खरेदीखताची तारीख तीन महिन्यांनंतरची ठरली. त्या भरवशावर त्याने मुलीच्या गावी लहानसे घर पाहून तिथे २ लाखांचा इसार भरला, सामान बांधायला घेतले आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना नकार कळवला. अशा वेळी खरेदीदार ४४ लाखांवर आला.

आता दोघांचा हिशेब मांडून पाहावा. विक्रेत्याने नकार दिला तर त्याचा २ लाखांचा इसार बुडतो, नवे गिऱ्हाईक मिळेपर्यंत आणखी तीन-चार महिने जातात आणि मिळणारे गिऱ्हाईक काय भाव देईल याची शाश्वती नाही. खरेदीदाराने व्यवहार मोडला तर त्याचे फार तर ५० हजार जातात. आणि मोडण्याची नुसती धमकी दिली तर ४ लाख वाचतात. पन्नास हजारांच्या धोक्यावर चार लाखांचा लाभ, म्हणजे आठपट! ज्या व्यवहाराची आखणीच अशी आहे तो माणसाला शेवटच्या आठवड्यात भाव पाडण्याचे आमंत्रण देतो. जे आमंत्रण नाकारतात ते सज्जन होत, यात शंका नाही. परंतु गरिबाच्या आयुष्यातील एकमेव ठेव इतरांच्या सज्जनपणावर टांगून ठेवणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

इसार देण्याच्या दिवशी दोघे पक्ष जवळजवळ बरोबरीचे असतात. विक्रेत्याजवळ दुसरी गिऱ्हाइके असतात, खरेदीदारापुढे दुसरी घरे असतात. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी विक्रेता आपले परतीचे दोर स्वतःच्या हाताने कापत जातो आणि खरेदीदार मोकळाच राहतो. अर्थशास्त्रात या स्थितीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. एका पक्षाने मागे फिरता येणार नाही अशी गुंतवणूक केली की दुसरा पक्ष अटी बदलून घेऊ शकतो, हे सूत्र मांडणाऱ्यांपैकी ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ साली आणि करारांच्या अपुरेपणाचा सिद्धांत मांडणारे ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ साली नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. विद्यापीठात हा विषय मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात शिकवला जातो. दोन खोल्यांच्या घरालाही तो तितकाच लागू पडतो.

दुखणे जुनेच

वस्तुतः पक्षाच्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. अॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले होते की मालक आणि मजूर यांच्या वादात मालक अधिक काळ तग धरू शकतो, कारण त्याच्याजवळ साठा असतो आणि मजुराला आठवड्याची भाकरी हवी असते. आल्फ्रेड मार्शलने १८९० साली त्यात भर घातली : श्रम साठवून ठेवता येत नाहीत आणि श्रम विकणाऱ्याजवळ राखीव निधी नसतो, म्हणून सौद्यात तो दुबळा पडतो. हे दोघेही समाजवादी नव्हते. परंतु किंमत ही केवळ मागणी-पुरवठ्याने ठरत नसून कोण किती थांबू शकतो यानेही ठरते, हे त्यांनी मान्य केले होते.

हाच न्याय नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला रोखीने शिकायला मिळतो. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी राहते, बोली लागते, भाव जाहीर होतो. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतताना ‘खाली माल हलका निघाला’ असे म्हणून वांधा काढला जातो आणि भाव खाली येतो. ओतलेला कांदा पुन्हा भरून, भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवून फेरलिलावाला उभे राहणे किती शेतकऱ्यांना परवडते? वांधा कधी खराही असतो. म्हणूनच बाजार समित्यांमध्ये तो मिटवण्यासाठी वांधा समितीची योजना झाली. तिचा कारभार कसा चालतो यावर टीका करता येईल. पण भाव ठरल्यावर तो पाडण्याचा हक्क एकट्या घेणाऱ्याकडे नसावा, तिसऱ्या कोणीतरी माल पाहून निवाडा द्यावा, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. घराच्या विक्रीत एवढेही नाही.

आणि गिरणगावाचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप लांबत गेला, तसतसे चुलीचे प्रश्न उभे राहिले आणि अनेक कुटुंबांना खोलीवरचा हक्क सोडून कोकणची वा घाटाची वाट धरावी लागली. समोरच्याच्या घरात शिधा किती दिवसांचा उरला आहे हे ज्याला कळते, तोच भाव ठरवतो.

एक आक्षेप

येथे एखादा साथी विचारील की घरमालकांसाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? ज्यांना घरच नाही त्यांचा प्रश्न मोठा नाही काय? तो मोठा आहेच. एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखमालेत तर असे दाखवून दिले होते की स्वतःच्या घराने कामगार जागेला जखडला जातो आणि मालकाशी सौदा करण्याची त्याची शक्ती घटते. हा युक्तिवाद प्रस्तुत विषयाला पूरकच आहे. एकुलते एक घर असलेला मनुष्य मालमत्ताधारी वर्गात बसत नाही. त्याचे घर हाच त्याचा निर्वाहनिधी, हाच त्याचा विमा आणि हीच त्याच्या म्हातारपणाची काठी असते. पाच घरे बाळगणाऱ्याला एका व्यवहारात चार लाख कमी मिळाले तर तो व्यवहार मोडून सहा महिने थांबतो. एक घर असलेल्याला थांबता येत नाही. म्हणून ऐनवेळच्या भावकपातीचा बोजा नेहमी खालच्या बाजूला सरकतो.

उलट प्रकारही घडतो, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. बाजार तेजीत असला की विक्रेता शेवटच्या क्षणी भाव वाढवतो आणि कर्ज मंजूर करून बसलेला, भाड्याची खोली सोडायला निघालेला खरेदीदार कोंडीत सापडतो. तत्त्व एकच आहे, आणि त्याचा निषेधही एकाच मापाने झाला पाहिजे.

कायदा काय देतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे विक्रीच्या कराराने, म्हणजे नुसत्या साठेखताने, मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. तथापि करार हा करार असतो आणि तो मोडल्यास १८७२ च्या करार कायद्याखाली भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले की करार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार, कराराच्या अटींत तसे नमूद असेल तर, जप्त करता येतो. किमतीचा भाग म्हणून दिलेला हप्ता मात्र तसा जप्त करता येत नाही. तेव्हा ५० हजारांच्या पावतीवर केवळ ‘घराच्या किमतीपोटी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती रक्कमही हाती राहील याची खात्री नाही.

करार प्रत्यक्ष अमलात आणून घेण्याचा मार्ग विक्रेत्यालाही खुला आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने या बाबतीतील न्यायाधीशाचा स्वेच्छाधिकार बराच कमी केला. पण दिवाणी दावा म्हणजे वर्षांचा हिशेब, आणि विक्रेत्याजवळ वेळ नाही हेच तर सारे दुखणे! शिवाय एकदा त्याने कमी किमतीच्या कागदावर सही केली की करार कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे जुना करार संपून नवा लागू होतो. केवळ व्यवहार मोडण्याची धमकी ही कायद्याच्या व्याख्येतील बळजबरी होती, असे नंतर सिद्ध करणे अतिशय कठीण जाते.

बांधकाम व्यावसायिक आणि ग्राहक यांच्यातील विषमता कायद्याने निदान ओळखली आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने आणि त्यानंतर केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने लेखी कराराविना मोठी रक्कम घेण्यावर बंधन आणले. आज ती मर्यादा किमतीच्या शेकडा १० आहे. दोन सामान्य माणसांमधील जुन्या घराची विक्री मात्र या संरक्षणाच्या बाहेर, दलालाच्या शब्दावर आणि वकिलाच्या ठराविक मसुद्यावर सोडून दिलेली आहे.

यात काळ्या पैशाचा कोपरा विसरून चालणार नाही. भावाचा काही भाग रोखीने, कागदाबाहेर घेण्याची रीत अनेक ठिकाणी चालत आली आहे. ऐनवेळची कपात बहुधा याच भागावर घाव घालते, कारण जी रक्कम कागदावर नाही तिची दाद कोणत्याही न्यायालयात लागत नाही. करचुकवेगिरी हा समाजाचा अपराध आहेच. पण चुकवलेल्या करापेक्षा अधिक रक्कम शेवटच्या आठवड्यात गमावण्याची पाळी विक्रेत्यावर येऊ शकते, हेही लोकांना समजावून सांगितले पाहिजे.

विलायतेचा धडा

आपल्या कायद्याचा बराचसा सांगाडा जिथून आला त्या इंग्लंडमध्ये ही व्याधी इतकी रुळलेली आहे की तिला ‘गॅझंडरिंग’ असे खास नाव पडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरांच्या किमती घसरू लागल्या तेव्हा हा शब्द लोकांच्या तोंडी झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाव ठरला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधील नसतो, आणि किमतीच्या साधारण दहा टक्के ठेव त्या अदलाबदलीच्या वेळीच भरली जाते. तोपर्यंत कित्येक आठवडे लोटतात. विक्रेता स्वतः दुसरीकडे खरेदीदार असतो, तिथला विक्रेता तिसरीकडे. अशी साखळी तयार होते आणि एका टोकाला भाव पाडला की हादरा सर्वांना बसतो.

ब्रिटिश सरकारने २००७ साली विक्रेत्यावर घराच्या माहितीचे पुडके आगाऊ तयार ठेवण्याची सक्ती केली. २०१० मध्ये सरकार बदलताच ती सक्ती गुंडाळली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तेथील सरकारने आगाऊ माहिती आणि लवकर बांधील होणारे करार यांचे प्रस्ताव पुन्हा विचारार्थ मांडले. अन्यत्र वेगळ्या वाटा आहेत. फ्रान्समध्ये प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला दहा दिवसांची विचाराची मुभा मिळते आणि त्यानंतर कारणावाचून माघार घेतल्यास ठेव गमावण्याची पाळी येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात अशी मुभा पाच कामकाजी दिवसांची आहे आणि तिचा वापर करून माघार घेणाऱ्याला किमतीच्या पाव टक्का रक्कम सोडावी लागते. तात्पर्य असे की बदलाची मुभा द्यावी, पण ती आरंभीच्या काही दिवसांपुरती, दुसऱ्या पक्षाने आपले दोर कापण्याच्या आधी.

खरे कारण आणि बहाणा

प्रत्येक भावकपात ही लूट असते असे म्हणणे हा अन्याय होईल. तपासणीत स्लॅबची गळती आढळली, मालमत्तेवर न सांगितलेला बोजा निघाला, एखाद्या वारसाची सही राहिलेली दिसली, किंवा बँकेच्या मूल्यांककाने घराची किंमत कमी धरल्यामुळे कर्जच कमी मंजूर झाले, तर खरेदीदाराने पुन्हा बोलणे काढणे रास्त आहे. तोही बहुधा पगारातून हप्ते फेडणारा नोकरदारच असतो. खरे कारण कागदावर दाखवता येते, ते समोर येताच सांगितले जाते आणि मागितलेली सूट त्या दोषाच्या खर्चाशी जुळते. बहाणा मात्र मोघम असतो, तो शेवटच्या आठवड्यातच सुचतो आणि त्याचा आकडा दुरुस्तीच्या खर्चाऐवजी विक्रेत्याच्या अडचणीच्या मापाने कापलेला असतो. म्हणून असा निरोप आल्यावर पहिले काम एकच : कारण लेखी मागावे, त्याचा पुरावा मागावा आणि दोन दिवसांची मुदत घ्यावी. ताबडतोब होकार देऊ नये, संतापाने व्यवहारही मोडू नये. या दोन दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांकडे चौकशी करावी आणि मोडल्यास नेमके किती नुकसान होते याचा आकडा कागदावर मांडावा. मागितलेली कपात त्या आकड्यापेक्षा मोठी असेल तर नकार देणेच शहाणपणाचे ठरते. लहान असेल आणि नाइलाजाने काही सोडावेच लागले, तर सोडलेल्या प्रत्येक रुपयाच्या बदल्यात काहीतरी मागून घ्यावे : उरलेली रक्कम त्याच दिवशी, ताबा महिनाभर उशिरा, किंवा नोंदणीचा दिवस उद्याचाच.

करावयाचे काय

खरी लढाई मात्र इसाराच्या दिवशीच जिंकावी लागते. वरील उदाहरणात इसार किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार असता, तर चार लाखांसाठी व्यवहार मोडण्याची धमकी पोकळ ठरली असती. इतकी रक्कम एकदम देणे प्रामाणिक खरेदीदाराला जड जात असेल तर ती टप्प्याटप्प्याने वाढवावी, आणि बँकेने लेखी नकार दिल्यास ती परत मिळेल अशी अट घालून त्याचेही रक्षण करावे. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हा कराराचा गाभा आहे असे न्यायालये सहसा गृहीत धरत नाहीत. म्हणून तारीख आणि ती चुकल्याचे परिणाम स्पष्ट शब्दांत लिहावेत. साठेखत नोंदवून घेतल्यास खरेदीदाराचे मुद्रांक शुल्क अडकते आणि त्याचा पाय रोवला जातो. मात्र पुढे तो रद्दलेख करून द्यायला नकार देऊ लागला तर नोंदलेले साठेखत विक्रेत्याच्याच गळ्यात पडते, याचेही भान ठेवावे. भाग दाखला, ना-हरकत प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला हे कागद आधीच तयार असावेत, कारण उशिराचा प्रत्येक दिवस खरेदीदाराच्या बाजूने मोजला जातो. आणि पहिल्या घराचे पैसे बांधील झाल्याशिवाय दुसऱ्या घराचा इसार देऊ नये.

परंतु इतके शहाणपण प्रत्येकाने एकट्याने मिळवावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे दुबळ्याला त्याच्या दुबळेपणाबद्दल दोष देणे होय. येथे संघटनेचे काम सुरू होते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासूनची आहे. सोयाबीन किंवा तूर पिकवणारा शेतकरी आपला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी शेकडा ६ व्याजाने घेऊ शकतो आणि भाव सुधारेपर्यंत थांबू शकतो. तिची अंमलबजावणी तोकडी असेल, पण तिच्यामागील विचार खणखणीत आहे : दुबळ्याला थांबण्याची ताकद उसनी द्या, म्हणजे भाव आपोआप सुधारतो. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था एकुलते एक घर विकणाऱ्या सभासदाला घराच्या तारणावर सहा महिन्यांचे छोटे कर्ज का देऊ शकत नाहीत? विक्री होताच ते फिटते आणि तारण सुटते. इस्पितळाचे बिल आणि दुसऱ्या घराचा हप्ता यांची तातडी मिटली की शेवटच्या आठवड्यातील निरोपाची धार निम्मी बोथट होईल.

याच्या जोडीला दोन मागण्या शासनाकडे केल्या पाहिजेत. जुन्या घरांच्या विक्रीसाठी सोप्या मराठीतील नमुना साठेखत शासनाने प्रसिद्ध करावे. त्यात विचाराची अल्प मुभा, वाजवी इसार, निश्चित तारीख आणि दोन्ही पक्षांना सारखी बंधने असावीत. आणि शहरोशहरी वांधा समितीच्या धर्तीवर एक लवाद असावा. त्याने घराचा खरा दोष कोणता आणि बहाणा कोणता याचा निवाडा पंधरा दिवसांत द्यावा. तोवर प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ अशा कागदांच्या वाचनासाठी राखून ठेवायला हरकत नाही. शिधापत्रिकेचे अर्ज भरून देणारा कार्यकर्ता इसारपावतीतील एक ओळही दुरुस्त करून देऊ शकतो.

गिरणी कामगाराला एकट्याने थांबता येत नव्हते म्हणून संघटना निर्माण झाली, आणि शेतकऱ्याला एकट्याने थांबता येत नाही म्हणून गोदामे बांधावी लागली. घर विकायला निघालेला म्हातारा मनुष्य आज सर्वस्वी एकटा आहे. त्याच्या पाठीशी कोणी उभे आहे एवढे समोरच्याला कळले, तरी ठरलेला भाव पुष्कळदा ठरलेलाच राहील.